दिसतं तेच काढा, बॉस!

मंडळी, लंच टाइममध्ये एक गंमत करून बघा. शेजारच्या क्युबिकलमधल्या कुणालाही कागद द्या आणि माणसाचा चेहरा काढायला सांगा. बहुतेक जण डोळे थेट कपाळावर नेऊन ठेवतील. आता आरशात बघा. डोक्याच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर घेतलं, तर डोळे येतात जवळपास मध्यावर. पण केसांखालचं डोकं आपण हिशेबात धरतच नाही.

‘छे, मला साधी सरळ रेघ येत नाही,’ म्हणणाऱ्यांनो, सरळ रेघेला पट्टी मिळते हो! लोचा हाताचा नाही, नजरेचा आहे. डोळा, कप, खुर्ची यांची रेडीमेड चित्रं डोक्यात तयार असतात, पेन्सिल तीच उतरवते. बेटी एडवर्ड्‌स या अमेरिकन चित्रकला शिक्षिकेचं ‘ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन’ हे पुस्तक १९७९ साली आलं. त्यात यावर एक झकास उपाय आहे. पिकासोने काढलेलं स्ट्राविन्स्कीचं रेखाचित्र उलटं ठेवायचं आणि तसंच उलटं उतरवायचं. नाक कुठलं, हात कुठला, कळतच नाही. उरतात फक्त रेघा. (डाव्या-उजव्या मेंदूची त्यातली थिअरी आता तशीच्या तशी कुणी मानत नाही. पण व्यायाम फर्मास!)

शॉपिंगप्रेमींनी जरा दमानं घ्यावं. एचबी, टू-बी आणि सिक्स-बी, बस्स. शिशामध्ये ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकट, ती एच. ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी, ती बी.

गेले चार महिने मी रोज रात्री पाव तास काढतेय. मॉडेल आमच्या मातोश्री, कारण सिरियल संपेपर्यंत त्या हलत नाहीत. चेहरा वगैरे नाही, नुसता मांडीवर ठेवलेला हात. एका रात्री मधल्या बोटाचं शेवटचं पेर काही केल्या जमेना. कोपर ताठ ठेवून, एक डोळा मिटून, पेन्सिल समोर धरली आणि कोन ताडून बघितला. माझी रेघ बरोबर होती. पेरच वाकडं होतं.

‘आई, हे कधीपासून?’

‘झाली असतील दोन वर्षं. पोळ्या लाटताना ठणकतं जरा. तू काढ गं तुझं.’

त्या पोळ्यांचा डबा घेऊन मी रोज सकाळी लोकल पकडते. शनिवारी तिला डॉक्टरांकडे नेलं. सांध्यांची झीज, म्हणाले. औषध, शेक, बोटांचे व्यायाम सुरू आहेत. पेर सरळ होणार नाही, ठणका मात्र कमी झालाय. रात्रीच्या पोळ्या आता माझ्याकडे. आकाराबद्दल विचारू नका.

असो. शेडिंगकडे वळायचं असेल तर आधी ट्यूबलाइट बंद करा. तिच्या पसरट उजेडात सगळं सपाट दिसतं. टेबल लॅम्प एका बाजूला ठेवा, समोर एक अंडं. उजळ भाग, मधला करडा, गडद सावली, टेबलावर पडलेली सावली, सगळं त्या एका अंड्यात मिळतं. डोळे किलकिले करून बघितलं की बारकावे विरघळतात आणि सावल्यांचे आकार स्पष्ट होतात. कपाचा कान काढताना कान बघूच नका, कान आणि कप यांच्यामधली पोकळी काढा. कान आपोआप येतो, आईशप्पथ!

आणि खोडरबर पहिले काही दिवस ड्रॉवरमध्येच राहू दे. रेघ चुकली तर तिच्या शेजारी दुसरी मारा. पहिली पुसून टाकली, तर दुसरी किती सरकवायची ते कळणार कसं?