रांगेतल्या बायका

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला. त्या रात्री आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धाकट्या भावाने एक फोटो टाकला. शाळेच्या भिंतीला लागून बुरख्यातल्या बायकांची लांबलचक रांग. खाली लिहिलं होतं, ‘ताई, बघ तुझ्या मालेगावच्या बायका!’

माझं माहेर धुळ्याचं. एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर कामासाठी मालेगावला आले आणि इथलीच झाले. मोसम नदीच्या अलीकडे राहते, पलीकडे कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. अलीकडे बहुतांश हिंदू वस्ती, पलीकडे मुस्लिम वस्ती आणि यंत्रमागांचा खडखडाट. मधला पूल मी रोज दोनदा ओलांडते. भावाच्या त्या ‘तुझ्या’ शब्दात हे सगळं आलं होतं.

२० मेला मीही मतदानाच्या रांगेत उभी होते, नदीच्या अलीकडे. ऊन मी म्हणत होतं. आमच्या रांगेतल्या निम्म्या बायकांनी तोंडाला स्कार्फ बांधले होते, नुसते डोळे दिसत होते. आमचा फोटो कुणी काढला नाही. आमच्या रांगेत कुणाला काही दिसलंच नाही.

ज्यांना आमचा मतदारसंघ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. धुळे लोकसभेत सहा विधानसभा क्षेत्रं येतात. त्यातल्या पाचांत भाजपचे उमेदवार पुढे होते. सहाव्या मालेगाव मध्यने काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली आणि त्या ३,८३१ मतांनी निवडून आल्या. पुढे तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी भाषणांतून धुळ्याचा दाखला देत ‘व्होट जिहाद’ हा शब्द वापरला. रांगेत उभं राहून मत देणं हा आपला हक्क, असं आम्ही शिबिरांतून सांगत आलो. आता त्याच रांगेला हे नाव मिळालं.

या गदारोळात एक बाई खासदार झाली, हे आमच्या घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. महाराष्ट्रातून ४८ पैकी फक्त ७ बायका निवडून आल्या. देशात ५४३ पैकी ७४. २०१९ मध्ये ७८ होत्या. मतदानाची टक्केवारी मात्र बायकांची पुरुषांपेक्षा किंचित जास्त. म्हणजे रांगेत आपण पुढे आणि सभागृहात शोधाव्या लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये एक तृतीयांश आरक्षणाचा कायदा संसदेत झाला, पण तो जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी बांधून ठेवल्यामुळे या निवडणुकीत आपल्या कामी आला नाही.

निकालानंतर महिन्याभराने धुळ्याला गेले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे हल्ली माहेरी जाणं खिशाला परवडतं. जेवताना विषय निघालाच. भाऊ म्हणाला, “पाच तालुके एका बाजूला आणि एकटं मालेगाव एका बाजूला. सांगून एकगठ्ठा मतं पाडायची, याला काय लोकशाही म्हणतात?” वडिलांनी मान हलवली. आई म्हणाली, “जाऊ द्या, जेवताना नको.” आणि मी, जी दिवसभर दुसऱ्यांच्या नवऱ्यांशी, सासऱ्यांशी, पोलिसांशी वाद घालते, ती गप्प बसले. भाजीला मीठ कमी आहे का, एवढं बोलले. त्याची लाज मला अजून वाटते.

भांडी आवरताना भावजय हळूच म्हणाली, “ताई, ह्यांना वाटतंय ना, घरातली चारही मतं एकाच ठिकाणी पडली म्हणून? माझं नाही पडलं. कुणाला दिलं ते विचारू नका.”

मी विचारलं नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली तिच्या. साडीचा रंग, मुलाची शाळा, माहेरी किती दिवस राहायचं, सगळं विचारून. पुठ्ठ्याच्या त्या आडोशामागे मात्र ती पाऊण मिनिट एकटी होती, आणि तेवढ्यात तिने स्वतःचं काहीतरी केलं. वर नऊ वर्षांचा संसार सांभाळून ते गुपितही सांभाळलं. भाऊ ज्या एकगठ्ठा मतदानावर चिडला होता, ते मतदान त्याने आपल्या घरात गृहीतच धरलं होतं.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. आमच्या केंद्रात एक खाला येतात. मुलीला नवऱ्याने तोंडी तलाक देऊन घरी पाठवलेली, पोटगीची केस चालू आहे. खाला घरी बॉबिन भरतात. मी त्यांना विचारलं, “खाला, तुम्ही मत स्वतः ठरवलंत का?” त्या हसल्या. “मोहल्ले में जो तय हुआ, वही दिया. डर लगता है ना ताई, तो आदमी सब के साथ ही चलता है.”

हे उत्तर मला आवडलं नाही. पण खोटं नव्हतं. भीती वाटली की माणसं एकमेकांना चिकटून चालतात, रात्री अंधाऱ्या रस्त्याने जाणाऱ्या मुली चालतात तशी. गठ्ठा भीतीने बांधला जातो. मग गठ्ठा दिसला की भीती घालणाराच म्हणतो, बघा, कसे एक झालेत!

आणि भीती काय फक्त पलीकडेच वाटली गेली? २१ एप्रिल २०२४ ला पंतप्रधान राजस्थानात बांसवाड्याच्या सभेत म्हणाले, की काँग्रेस तुमची संपत्ती घेऊन घुसखोरांना, जास्त मुलं असणाऱ्यांना वाटेल, मंगळसूत्रही सोडणार नाही. दुसऱ्या दिवशी केंद्रात आम्ही सगळ्या त्याबद्दल बोललो. दहा वर्षं मी हे काम करते. बाईचं मंगळसूत्र गेलेलं मी कितीदा तरी पाहिलं आहे. दारूसाठी, सट्ट्यासाठी, दिराच्या गाडीसाठी, दवाखान्याच्या बिलासाठी, बी-बियाण्यासाठी. सराफाकडे गहाण, पतपेढीत गहाण, सासूच्या कपाटात कुलूपबंद. नेणारा दरवेळी घरातलाच होता. ज्या बाईचे डाग घरातल्यांनी विकले, तिला परक्याचं भय दाखवून मत मागितलं गेलं.

मग नोव्हेंबर आला. विधानसभेची निवडणूक. इकडे ‘एक हैं तो सेफ हैं’च्या घोषणा. म्हणजे पलीकडे एक झाले तर जिहाद, अलीकडे एक झाले तर जागृती. त्याच वेळी आपण सगळ्या ‘लाडक्या बहिणी’ झालो. दरमहा १,५०० रुपये. या पैशांना मी नाक मुरडणार नाही. नदीच्या दोन्ही बाजूंना पहिल्यांदाच कित्येक बायकांच्या स्वतःच्या खात्यात कुणापुढे हात न पसरता पैसे आले. पण निकालानंतर चर्चा काय झाली? बहिणींनी भावांना तारलं. मत पुन्हा कुणाच्या तरी नात्यातूनच मोजलं गेलं. बाईने विचार केला असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि ज्या मालेगाव मध्यच्या गठ्ठ्याची राज्यभर चर्चा झाली, तिथे काय झालं? त्याच रांगा, त्याच बायका. एमआयएमचे मुफ्ती इस्माईल आणि त्यांचे प्रतिस्पर्धी आसिफ शेख यांच्यात मतं जवळजवळ निम्मी निम्मी वाटली गेली. मुफ्ती फक्त १६२ मतांनी जिंकले. खाला म्हणाल्या, “इस बार बहू ने अलग दिया, मैंने अलग. घर में खूब झगडा हुआ.” आणि खूष होत्या! भीती थोडी उतरली की घरात मतभेद होतात. मला ही लोकशाहीची चांगली खूण वाटते. या १६२ मतांचा फोटो मात्र भावाने ग्रुपवर टाकला नाही.

मैत्रिणींनो, यात माझीही एक चूक आहे. लोकसभेनंतर आमच्या मासिक बैठकीत मीच ठरवून टाकलं होतं की राजकारण नको, गट फुटेल. पोटगी, रेशन, पाणी, एवढंच बोलायचं. १० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम बाईला फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते असा निकाल दिला, तेव्हा आम्ही केंद्रात पेढे वाटले, पण नदीच्या अलीकडून जेमतेम तिघीच आल्या होत्या. बोललो नाही म्हणून गट फुटायचा राहिला नाही, तो न बोलताच फुटत होता. ८ मार्च २०२५ च्या तयारीला बसलो तेव्हा कुणीतरी म्हणालं, “दोन कार्यक्रम करू या का, इकडे एक, तिकडे एक?” तेव्हा माझे डोळे उघडले.

आम्ही कार्यक्रम एकच केला, आणि त्याआधी एक बैठक घेतली. नियम एकच: मत कुणाला दिलं ते कुणी सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. फक्त कसं ठरवलं, ते सांगायचं. सुरुवातीला पाचेक मिनिटं सगळ्या गप्प. मग कसमादेच्या एका गावातली शेतकरी बाई म्हणाली, “मी कांद्यावर दिलं. डिसेंबरात निर्यातबंदी केली, आमचा कांदा मातीमोल झाला.” पलीकडची एक म्हणाली, “मैंने बिजली पे दिया. लूमचं बिल भरता भरता मालक मजुरी कापतो.” एक म्हणाली, नवऱ्याने चिठ्ठी हातात दिली होती. एक म्हणाली, मौलानांनी सांगितलं होतं. एक म्हणाली, टीव्ही बघून घाबरले. या तिघी तिन्ही वेगवेगळ्या वस्तीतल्या, आणि तिघींना एकमेकींचं बोलणं ओळखीचं वाटलं. कुणी कुणाचं मन वळवलं नाही. पण चहाच्या वेळी बसायच्या जागा बदलल्या होत्या.

मला वाटतं, आपल्या संघटनांनी आता निवडणुकीची वाट न पाहता अशा बैठका घ्याव्यात. उमेदवार कोण, हे सांगणं आपलं काम नाही. पण बाईने मत कसं ठरवलं, ठरवताना तिला कशाची भीती होती, आणि ती भीती कुणी घातली, हे विचारणं आपलंच काम आहे. घरातली मारहाण ‘खाजगी’ म्हणून झाकली जात होती, तेव्हा आपणच ती बोलण्याचा विषय केली. हेही तसंच आहे.

गेल्या राखीपौर्णिमेला धुळ्याला गेले, तेव्हा जेवताना भावाला मी १६२ मतांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “म्हणजे त्यांच्यातही भांडणं असतात तर!” मी म्हटलं, “सगळ्यांच्याच घरात असतात. आपल्याही.” भावजयीने माझ्याकडे पाहिलं आणि ताटात आणखी एक पोळी वाढली.

तुमच्याकडे अशी बैठक झाली, तर जरूर लिहून कळवा.