पुढे मामा आहेत!

आपल्याकडच्या रस्त्यांवर एक अलिखित बंधुभाव नांदतो. समोरून येणारा अनोळखी ट्रकवाला भर दुपारी डिपर मारतो आणि ज्याला समजायचे त्याला समजते: पुढे मामा आहेत! लगेच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला जातो, कुणी पट्टा ओढून घेतो, कुणी कानाचा फोन मांडीवर ठेवतो. दोन किलोमीटर गेले की सारे पूर्ववत. या सेवेत जातपात नाही की गाडीच्या किमतीचा भेद नाही. एरवी ओव्हरटेक करताना एकमेकांचा उद्धार करणारी मंडळी मामांच्या बाबतीत मात्र सख्खी भावंडे होतात.

अमेरिकेने या बंधुभावाचे यंत्र केले आणि ते दुकानात विकायला ठेवले. त्याचे नाव रडार डिटेक्टर. आज मराठी मध्यमवर्गातल्या कितीतरी घरांतले कुणी ना कुणी तिकडे आहे. त्यामुळे ‘हे यंत्र घ्यावे का आणि घ्यायचे तर कोणते?’ हा प्रश्न आता आपल्याही घरांत फोनवरून विचारला जातो. कुणी तर ‘येताना एक इकडे घेऊन ये’ असेही सुचवतो. प्रश्न वरकरणी खरेदीचा आहे. माझ्या मते मात्र तो कायदा आणि नागरिक यांच्यातल्या विश्वासाचा आहे आणि म्हणूनच तो आपणही नीट समजून घ्यायला हवा.

बॅटरी आणि अंधार

पोलिसांची रडारगन सूक्ष्मलहरी सोडते. त्या धावत्या गाडीवर आपटून परततात, तेव्हा त्यांची वारंवारता किंचित बदललेली असते. त्या फरकावरून वेग कळतो. आगगाडी शिट्टी वाजवत जवळ येते आणि दूर जाते, तेव्हा शिट्टीचा सूर बदलतो. त्यामागचे तत्त्वही हेच. ऑस्ट्रियाच्या ख्रिस्तियान डॉप्लर यांनी ते १८४२ साली मांडले.

डिटेक्टर वेग मोजत नाही. तो फक्त या लहरी ऐकतो. अंधारात कुणी बॅटरी घेऊन आपल्याला शोधत असेल, तर त्याला आपण दिसण्याच्या कितीतरी आधी आपल्याला त्याची बॅटरी दिसते. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचून पुन्हा त्याच्याकडे परतायला हवा. आपल्याला मात्र एकाच बाजूचा प्रवास पुरतो. डिटेक्टरचे सारे भांडवल एवढेच.

यावर पोलिसांनीही तोड काढली. गन बंद ठेवायची आणि गाडी टप्प्यात आली की क्षणभर चालू करायची. अशा वेळी पुढे जाणारी एखादी गाडी आधी टिपली गेली असेल तरच आपल्याला इशारा मिळतो. नंतर लेझरगन आली. तिच्या अदृश्य प्रकाशाचा झोत तीनशे मीटरवरही जेमतेम एखादा मीटर रुंद असतो. तो आपल्या गाडीवर पडून डिटेक्टर ओरडेपर्यंत वेगाची नोंद झालेली असते. त्या ओरडण्याचा अर्थ ‘सावध व्हा’ असा नसतो, ‘पावती तयार आहे’ असा असतो.

पेट्रोलसाठी केलेला कायदा

या यंत्राची भरभराट व्हायला एक कायदा कारणीभूत झाला. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाची टंचाई झाली. अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, कमाल मर्यादा लादली. उद्देश पेट्रोल वाचवण्याचा होता. तिथले आंतरराज्य महामार्ग त्याहून बऱ्याच अधिक वेगासाठी बांधलेले होते. मोकळ्या, सरळ रस्त्यावर तासन् तास ५५ ने जाणे लोकांना पटले नाही. ‘फझबस्टर’ नावाचे डिटेक्टर घरोघर माहीत झाले. १९७८ मध्ये ‘सिनसिनाटी मायक्रोवेव्ह’ कंपनीचा ‘एस्कॉर्ट’ आला. पुढे मर्यादा १९८७ मध्ये काही रस्त्यांवर शिथिल झाली आणि १९९५ मध्ये तो केंद्रीय कायदाच रद्द झाला.

पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. १९७३ मध्ये अमेरिकेत रस्त्यांवर सुमारे ५४ हजार माणसे मेली होती. १९७४ मध्ये हा आकडा सुमारे ४५ हजारांवर आला. टंचाईमुळे लोक गाड्या कमी चालवत होते हे त्याचे एक कारण खरेच. पण वेग उतरला हेही कारण होते. म्हणजे ज्या कायद्याला लोक हसत होते, तो त्यांचेच जीव वाचवत होता. कायदा उपयोगी असूनही लोकांना आपला वाटला नाही, तर काय होते याचा हा धडा आहे.

लोकांच्या अविश्वासाला खतपाणी मिळेल असे प्रसंगही घडले. १९७९ साली फ्लॉरिडात दूरचित्रवाणीवर एक रडारगन दाखवण्यात आली. तिच्या हिशेबाने एक माडाचे झाड ताशी ८६ मैलांनी धावत होते आणि एक घर २८ मैलांनी! प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायाधीशांनी त्या खटल्यातला रडारचा पुरावा नाकारला. मोजणाऱ्याचेच मोजमाप चुकते असे एकदा दिसले, की ज्याचे माप बरोबर आहे तोही संशयित ठरतो.

निवड करताना

माझा एक भाचा न्यू जर्सीत राहतो. त्याच्या गाडीतून वॉशिंग्टनकडे जाताना काचेला चिकटवलेला हा डबा मी जवळून पाहिला. पहिल्या अर्ध्या तासात तो सहा-सात वेळा किंचाळला आणि पोलीस एकदाही दिसला नाही. कधी रस्त्याकडेच्या दुकानाचे आपोआप उघडणारे दार होते, तर कधी शेजारून जाणारी नवी मोटार. या दारांत आणि मोटारींच्या बाजूंवर नजर ठेवणाऱ्या संवेदकांतही तशाच लहरी वापरल्या जातात. राजधानी जवळ आल्यावर भाच्याने डबा काढून डिकीत टाकला. “मामा, आता हा चालत नाही,” तो म्हणाला.

ते खरेच होते. १९३४ च्या दूरसंचार कायद्याचा आधार घेऊन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी खासगी मोटारीत डिटेक्टर चालतो. हवेतल्या लहरी ऐकणे हा गुन्हा नाही, असा युक्तिवाद. पण राजधानी वॉशिंग्टनमध्ये आणि लगतच्या व्हर्जिनियात त्याला बंदी आहे. दहा हजार पौंडांहून, म्हणजे सुमारे साडेचार टनांहून, जड व्यापारी वाहनांना तर १९९४ पासून देशभर बंदी आहे. बंदी असलेल्या ठिकाणी पोलिसांकडे डिटेक्टर शोधणारे यंत्रही असते, कारण डिटेक्टर स्वतःही थोड्या लहरी बाहेर टाकतो. लहरी पाठवून रडार गोंधळवणारे ‘जॅमर’ हा तर वेगळाच प्रकार. तो केंद्रीय कायद्यानेच निषिद्ध आहे.

तेव्हा तिकडच्या मुला-नातवंडांनी घ्यायचाच ठरवला, तर काय पाहावे? एक, ज्या राज्यांतून जायचे तिथला कायदा. दोन, तो खोटे इशारे किती गाळतो. कारण सारखा ओरडणारा डबा माणूस दोन दिवसांत मुका करून टाकतो. तीन, पोलिसांच्या आजच्या बहुतेक रडारगन ३३ ते ३६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, त्यांबाबत तो किती संवेदनशील आहे. चार, लहरी पुढून येते की मागून हे तो दाखवतो का. ‘व्हॅलेंटाइन वन’ या यंत्राने १९९२ मध्ये असे बाण आणले. चांगल्या यंत्राला काहीशे डॉलर पडतात. आणि ‘वेझ’सारख्या ॲपवर पुढचे चालक पोलिसांची खबर फुकटात देत असतात. डिपरचा बंधुभाव शेवटी मोबाइलमध्ये परतला म्हणायचा!

आपल्या रस्त्यावर

मग हे यंत्र इकडे आणण्यात अर्थ आहे का? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तरी तो उरलेला नाही. जुलै २०२४ पासून तिथे स्वयंचलित कॅमेऱ्यांची यंत्रणा आहे. ती ठरावीक जागचा वेग तर टिपतेच, पण नंबरपट्टी दोन ठिकाणी वाचून मधल्या अंतराला लागलेल्या वेळेवरून सरासरीही काढते. दोन छायाचित्रे आणि एक भागाकार! त्यात ऐकायला लहर नाही, म्हणून डिटेक्टर काय ऐकणार? कॅमेऱ्याखाली ब्रेक मारून पुढे पळणेही फुकट जाते. दामटून मध्येच वडापावला थांबायचे आणि सरासरी खाली आणायची, असा हिशेब करणारे निघतीलच. पण मग घाई नेमकी कशाची होती?

सरासरीच्या मोजणीत लपंडाव नसतो, हा तिचा मोठा गुण. झाडाआड उभा राहून पकडणारा पोलीस माणसाला पोलिसाला भ्यायला शिकवतो, वेगाला नव्हे. ब्रिटनने २००१ साली आपले कॅमेरे पिवळे रंगवायचे ठरवले ते याचसाठी, की ते लोकांना दिसावेत. आपल्याकडेही केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली तरतूद झाली, की अशा कॅमेऱ्यांच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा. हेतू दंडवसुलीचा असेल तर फलक अडचणीचा. हेतू वेग उतरवण्याचा असेल तर फलकानेच निम्मे काम होते.

म्हणून सरकारकडे आपण तीन गोष्टी मागाव्यात. मर्यादा रस्त्याच्या बांधणीशी सुसंगत असावी आणि ती बदलते तिथे वेळेवर वाचता यावी. मोजणारी यंत्रे नियमित तपासली जावीत. आणि चुकीच्या चलनाविरुद्ध दाद मागताना सामान्य माणसाला खेटे घालावे लागू नयेत. माडाचे झाड धावताना दाखवणारी यंत्रणा लोकांना डिटेक्टरच्या दुकानाकडे ढकलते.

पण मागण्या करून आपली सुटका नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदलेले आहे. ताशी १०० ने जाणारी मोटार एका सेकंदात २८ मीटर जाते. १२० ने जाणारी ३३ मीटर. एवढे अंतर ब्रेकवर पाय जाण्याआधीच संपते. टकरीची ऊर्जा तर ४४ टक्क्यांनी वाढते. बदल्यात मिळते काय? साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा सगळा द्रुतगती मार्ग १०० ऐवजी १२० ने कापला तरी वाचतात साडेनऊ मिनिटे. आणि घाटात मर्यादा खालची असल्याने प्रत्यक्षात १०० नेही तो कुणी सबंध कापू शकत नाही.

डिटेक्टर पोलिसाची चाहूल देतो. टायर फुटणार आहे, पुढच्या ट्रकला मागचे दिवे नाहीत, दुभाजकातल्या फटीतून कुणी मोटारसायकल काढतो आहे, यांपैकी कशाचीही चाहूल तो देत नाही. ती देणारे यंत्र बहुतेक मराठी घरांत आधीच असते. शेजारच्या सीटवरून किंवा मागून ‘अहो, जरा हळू’ असा आवाज येतो आणि आपण तो काहीशे डॉलरच्या डब्याहून लवकर मुका करून टाकतो. पुढच्या प्रवासात तो चालू राहू द्यावा.