सुधारणा की सक्ती?

५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ ही संगणकप्रणाली नव्या रूपात आली, तेव्हा तिच्या वाट्यास कौतुक आले तसा रोषही आला. कोणास मांडणी सुबक वाटली. टास्कबार पडद्याच्या वर वा कडेला नेण्याची मुभा गेल्याने कोणी चिडले. हा निव्वळ आवडीनिवडीचा वाद नव्हे. आदिलाबादच्या मीसेवा केंद्रात दाखले काढणाऱ्याची बोटे सवयीने चालतात. ती अडखळली की बेला-जैनथहून आलेला शेतकरी खोळंबतो. २०१२ साली विंडोज ८ मधून स्टार्टचे बटण काढले गेले; ओरड झाल्यावर मायक्रोसॉफ्टला २०१३ मध्ये ते परत आणावे लागले. तक्रार वाया जात नाही, हाच त्याचा बोध.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सुरक्षापुरवठा थांबला. टीपीएम २.० ही सुरक्षासोय नसलेली यंत्रे धडधाकट असूनही नव्या प्रणालीस अपात्र ठरली. नव्या रूपाची सवय करून घेता येते. नवे यंत्र मात्र पदरमोड करूनच घ्यावे लागते. सुधारणेस आमचा विरोध नाही. पण जिचा भार वापरणाऱ्याने सोसायचा, तिच्यात त्याचा शब्दही विचारात घेतला गेला पाहिजे.