घरचे आरोग्य : तातडीच्या दाराशी

प्रत्येक मोठ्या रुग्णालयाला दोन दारे असतात. एका दाराची वेळ ठरलेली असते. तेथे सकाळी रांग लागते, क्रमांक मिळतो आणि जो आधी आला तो आधी आत जातो. दुसरे दार रात्रंदिवस उघडे असते. त्याच्यावर कोठे ‘अपघात विभाग’, कोठे ‘आपत्कालीन विभाग’, तर कोठे नुसतेच ‘कॅज्युअल्टी’ असे लिहिलेले असते. या दाराशी कोणी ठरवून जात नाही. म्हणूनच तेथील रीतभात आधी ठाऊक असलेली बरी. घराला आग लागल्यावर विहीर कोठे आहे हे विचारीत बसण्यात अर्थ नाही.

तेथे केव्हा जावे? छातीत दडपल्यासारखे होऊन घाम सुटणे, श्वास घेणे कठीण होणे, शुद्ध हरपणे, झटके येणे, न थांबणारा रक्तस्राव, मोठे भाजणे, विषबाधा, सर्पदंश, गरोदरपणी रक्तस्राव, तान्हे मूल निपचित पडून अंगावर पिईनासे होणे, ही सारी उशीर न करण्याची कारणे होत. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची चिन्हे आहेत. अशा वेळी घड्याळ पाहून ठेवावे. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते; म्हणून ‘माणूस धडधाकट असा शेवटचा केव्हा दिसला?’ हा प्रश्न डॉक्टर हटकून विचारतात.

बहुतेक राज्यांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते आणि ११२ हा देशभराचा तातडीचा क्रमांक आहे. गाडी येईपर्यंत काय करावे याइतकेच काय करू नये हेही महत्त्वाचे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. तूप, शाई किंवा दंतमंजन लावू नये. सर्पदंशाच्या जागी चिरा देऊ नये, आवळून दोरी बांधू नये. तो अवयव हलू न देता रुग्णाला निजवून न्यावे. विष पोटात गेले असल्यास मनाने वांती करवू नये. विषाची बाटली वा पुडी मात्र बरोबर घ्यावी. रुग्णाला वाटेत चहा-दूध पाजण्याचा मोह टाळावा, कारण कदाचित लगेच भूल द्यावी लागेल. चालू औषधांची पाकिटे, जुने कागद, ओळखपत्र, चष्मा व कानाचे यंत्र एका पिशवीत टाकावे.

आता दाराच्या आत काय घडते ते पाहू. आत शिरताच कोणी परिचारिका किंवा तरुण डॉक्टर दोन-चार प्रश्न विचारतात, नाडी, रक्तदाब, श्वास व प्राणवायूचे प्रमाण पाहतात. यालाच ‘ट्रायाज’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ आपल्या ‘निवडणे’ या शब्दाहून निराळा नाही. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लारे यांनी रणांगणावर असा दंडक घातला की, जखमी शिपाई असो वा सेनापती, ज्याची जखम अधिक घातक त्याच्यावर आधी उपचार व्हावेत. तोच दंडक आज या विभागात चालतो. अनेक रुग्णालयांत त्यासाठी रंग ठरलेले असतात. लाल म्हणजे या क्षणी, पिवळा म्हणजे लवकरच, हिरवा म्हणजे थांबले तरी चालेल. आपण तासभर बसलो असताना नंतर आलेल्यास थेट आत नेले, तर तो वशिला आहे असे लगेच समजू नये. बहुधा त्याचा श्वास आपल्याहून मोलाचा झालेला असतो.

ही निवड मात्र आपण जे सांगू त्यावर पुष्कळशी अवलंबून असते. याची एक आठवण सांगते. ती माझ्या मोठेपणाची नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एका हिवाळ्यात साताऱ्याहून माझ्याकडे दिल्लीस आले होते. एका रात्री तीनच्या सुमारास ते उठून बसले. “छातीत दडपल्यासारखं होतंय गं. जरासा गॅस झाला असेल,” असे म्हणून त्यांनी ओवा मागितला. ओवा झाला, गरम पाणी झाले. मग आम्ही रुग्णालय गाठले. खिडकीशी परिचारिकेने काय त्रास होतो म्हणून हिंदीत विचारले. अण्णांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना हिंदी समजते, पण बोलायचा संकोच. दिवसभर भाषांतर करणारी मी चटकन उत्तरले, “गैस की तकलीफ है.” हिरवा कागद हाती आला आणि आम्ही बाकावर जाऊन बसलो.

अण्णांच्या वाक्यातले ‘दडपल्यासारखं’ मी गाळले होते आणि त्यांनी स्वतःच लावलेला अर्थ तेवढा पुढे केला होता. कचेरीत अशी चूक झाली तर मुद्रितात दुरुस्त होते. तेथे मुद्रित नव्हते.

थोड्या वेळाने तीच परिचारिका बाकावरून जाताना थांबली. बाहेर कडाक्याची थंडी आणि अण्णांच्या कपाळावर घामाचे थेंब! तिने मला काही विचारले नाही. अण्णांपुढे वाकून ती म्हणाली, “बाबूजी, हाताने दाखवा, कुठे, कसे होते?” अण्णांनी मूठ वळली आणि छातीच्या मधोमध दाबून धरली. पुढच्या काही मिनिटांत हृदयाचा आलेख निघाला आणि आमचा हिरवा कागद लाल झाला. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा हा आलेख आल्यापासून दहा मिनिटांत निघावा असा वैद्यकाचा संकेत आहे. आमची ती दहा मिनिटे मी बाकावर घालविली होती. अण्णा वाचले, आज साताऱ्यास सकाळचा फेरफटका करतात. पण ते माझ्या भाषांतरामुळे नव्हे, त्यांच्या मुठीमुळे वाचले.

परप्रांती राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांनी हे ध्यानी धरावे. रोगाचे नाव सांगू नये. ते शोधणे डॉक्टरांचे काम. काय होते, कोठे होते, केव्हापासून होते, एवढेच सांगावे. शिवाय शब्द जपून वापरावेत. आपले ‘दम लागतो’ हे ऐकणाऱ्यास ‘दमा आहे’ असे वाटू शकते. हिंदीत त्याला ‘साँस फूलना’ म्हणतात. आपली ‘मळमळ’ म्हणजे तिकडचे ‘जी मिचलाना’, आपल्या ‘मुंग्या’ म्हणजे तिकडची ‘झुनझुनी’. शब्द न सुचल्यास रुग्णालाच हाताने दाखवू द्यावे. घरातील वृद्धांचे आजार, औषधे व त्यांना न सोसणारी औषधे स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराशी चिकटवून ठेवावीत. मी तसा कागद केला आहे. तो मात्र त्या रात्रीनंतरचा.

पैशांचे व पोलिसांचे भय पुष्कळांना या दारापासून दूर ठेवते. त्याविषयी कायदा काय म्हणतो? १९८९ साली परमानंद कटारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्राण वाचविणे हे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य असून पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबता कामा नयेत. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये आगगाडीतून पडून जखमी झालेल्या हकीम शेख या मजुरास एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठविले. त्याच्या प्रकरणी १९९६ साली न्यायालयाने ठरविले की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर तातडीचे उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचाच भंग होय. अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्या वाटसरूलाही २०१९ सालच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण मिळाले आहे. त्याला आपले नाव-गाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. रस्त्यावरील अपघातात जखमी झालेल्यांसाठी २०२५ साली केंद्र सरकारने जी योजना लागू केली, तीनुसार नियुक्त रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळतात. अपघात, विषबाधा, मारहाण अशा प्रसंगी डॉक्टर पोलिसांना कळवितात. तो रुग्णावरील संशय नसून त्यांचे कर्तव्य असते.

आत गेल्यावर रुग्णाजवळ एकानेच थांबावे. बाकीच्यांनी कागद काढणे, औषधे आणणे, घरी निरोप देणे अशी कामे वाटून घ्यावीत. रक्त, क्ष-किरण, सलाईन यांचा क्रम आपल्याला उलटसुलट वाटतो. पण डॉक्टर आधी प्राण सावरतात आणि मग रोग शोधतात. वाट पाहताना त्रास वाढला, श्वास बदलला, रुग्ण गुंगीत गेला, तर संकोच न धरता पुन्हा सांगावे. हिरवा कागद म्हणजे कायमचा निकाल नव्हे. मात्र सांगणे निराळे आणि आरडाओरड करणे निराळे. त्या गर्दीत रात्रपाळी करणाऱ्या माणसांवर हात उगारल्याने कोणाचाही रुग्ण आजवर लवकर बरा झालेला नाही.

अखेरीस घरी सोडतील किंवा दाखल करून घेतील. घरी सोडल्यास तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात : कोणते औषध कधी घ्यावे, पुन्हा केव्हा दाखवावे, आणि कोणते चिन्ह दिसताच तडक परत यावे. ‘आता बरे वाटते’ म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून निघून जाण्याची घाई करू नये.

त्या पहाटे निघताना मी त्या परिचारिकेचे आभार मानावयास गेले. ती दुसऱ्याच कोणा वृद्धेपुढे वाकली होती. वृद्धेची सून भराभर बोलत होती. परिचारिकेने तिला हाताने थांबविले आणि म्हातारीला विचारले, “अम्मा, तुम्ही सांगा.” मी आभार न मानताच परतले; मध्ये बोलण्याची ती वेळ नव्हती.