तुळशीला खत नको, उजेड हवा

मुंबई-पुण्याच्या इमारतींत तुळशीची एक ठरलेली गोष्ट असते. श्रावणात किंवा तुळशीच्या लग्नाआधी नर्सरीतून डेरेदार रोप येते. समोर नवा टॉवर उभा राहिल्याने गॅलरीत ऊन उरलेले नसते, म्हणून ते ओट्याजवळ किंवा देवघराशेजारी ठेवले जाते. पंधरा-वीस दिवसांत खालची पाने पिवळी पडून गळतात, फांद्या लांबट होऊन खिडकीकडे झुकतात. मग घरातले कुणी पाणी वाढवते, कुणी चमचाभर 'एकोणीस-एकोणीस' टाकते, कुणी चहाचा चोथा घालते. महिना-दीड महिन्यात रोप जाते आणि दोष येतो दृष्ट लागण्यावर, नाही तर नर्सरीवाल्यावर.

अलीकडे या गोष्टीत एक नवे पात्र आले आहे. ऑनलाइन मागवलेला, चिमट्याने कुंडीला लावायचा जांभळा एलईडी दिवा. तोही बऱ्याचदा रोप वाचवत नाही.

खताला झाडाचे 'अन्न' म्हणायची सवय इथे नडते. झाड आपले अन्न हवा, पाणी आणि प्रकाश यांतून स्वतःच तयार करते. नत्र, स्फुरद, पालाश ही त्या कारखान्याची सुटी सामग्री. कारखान्याची वीजच गेली असेल, तर दारात सामग्रीचे ट्रक उभे करून काय उपयोग? फ्रेडरिक ब्लॅकमन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1905 मध्येच हे मांडले होते. प्रकाशसंश्लेषणाचा वेग ठरतो तो सर्वांत अपुऱ्या पडलेल्या घटकावरून. बाकीचे कितीही वाढवले तरी फरक पडत नाही. फ्लॅटमधल्या कुंडीत तो अपुरा घटक जवळजवळ नेहमी प्रकाश असतो.

हे लक्षात येत नाही, कारण डोळा फसवतो. रात्री दिवे लावलेली बैठकीची खोली लख्ख वाटते, पण तिथला उजेड साधारण 100 ते 300 लक्स असतो. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो. डोळा स्वतःला उजेडाशी जुळवून घेत हा फरक पचवतो, पानाला ती सोय नाही. शिवाय लक्स हे माणसाच्या डोळ्याचे माप. झाडाच्या दृष्टीने मोजायचे ते पानावर दर सेकंदाला पडणारे प्रकाशकण, म्हणजे प्रति चौरस मीटर मायक्रोमोल. पांढऱ्या एलईडीसाठी ढोबळ हिशेब असा, की लक्सच्या आकड्याला 70 ने भागावे. 200 लक्सच्या खोलीत झाडाला मिळतात जेमतेम तीन मायक्रोमोल. दुपारच्या उन्हात मिळतात सुमारे 2000. मनीप्लांट, सिंगोनियम यांसारखी सावलीची झाडे 50 मायक्रोमोलवर बारा तास बरी राहतात. तुळस मात्र मोकळ्या अंगणातली. तिला चौदा तास दिवा दिला तरी 200 च्या आसपास हवेत, तेव्हा कुठे ती सुखाने वाढेल.

अंतराचे गणित याहून निष्ठुर आहे. लहान दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की उजेड निम्मा होत नाही, तो पाव होतो. त्यामुळे छतावरचा बल्ब कितीही चांगला असला तरी कुंडीच्या कामाचा नाही. याउलट दुकानात मिळणाऱ्या 20 वॅटच्या दोन साध्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या शेजारी शेजारी लावून पानांपासून वीतभर अंतरावर ठेवल्या, तर पाच-सहा हजार लक्स, म्हणजे 80 मायक्रोमोलच्या आसपास प्रकाश मिळू शकतो. पुदिना आणि मेथी-कोथिंबिरीची कोवळी रोपे त्यावर निघतात. तुळशीला पट्ट्या दुप्पट कराव्या लागतील. दोन पट्ट्या चौदा तास चालल्या तर महिन्याला सुमारे 17 युनिट वीज जाते. ज्यांना हे जास्त वाटते त्यांनी तुळशीचा हट्ट सोडून सावलीचे झाड आणावे, त्यात कमीपणा नाही.

जांभळ्या रंगाचे कौतुक मात्र जरुरीपेक्षा जास्त झाले आहे. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश अधिक शोषते, हे खरे. पण कीथ मॅक्री यांनी 1972 मध्ये बावीस पिकांच्या पानांवर प्रयोग करून दाखवले, की हिरवा प्रकाशही पाने चांगल्यापैकी वापरतात. साध्या पांढऱ्या एलईडीत लाल, हिरवा, निळा सगळेच असते. शिवाय जांभळ्या उजेडात पान पिवळे पडले की काळवंडले, हे कळतच नाही. मोबाइलवरचे लक्स मोजणारे ॲपही त्या प्रकाशात चुकते.

दिवा चोवीस तास चालू ठेवणारेही आहेत. अंधार हाही झाडाच्या दिनक्रमाचा भाग आहे. शेवंती रात्र लांबल्याशिवाय फुलत नाही. म्हणूनच फुले हव्या त्या वेळी यावीत यासाठी शेतकरी शेवंतीवर रात्री दिवे लावून कळी लांबवतात, आणि उलट ड्रॅगन फ्रूटच्या मळ्यात हिवाळ्यात दिवे लावून फुले आणतात. घरात टायमर लावून सकाळी सहा ते रात्री आठ ही वेळ ठेवली की झाडाचे भागते. माणसाचेही भागते, कारण झोपायच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत निळसर उजेड असेल तर मेलाटोनिन कमी होऊन झोप बिघडते.

प्रकाशाचा हिशेब लागला की पाणी आणि खताचा आपोआप लागतो. पान हवेत वाफ सोडते, त्या ओढीने मुळांकडचे पाणी आणि त्याबरोबर कॅल्शियम वर चढते. जुलैतल्या मुंबईत सापेक्ष आर्द्रता 85 टक्क्यांच्या पुढे असते, त्यामुळे ही ओढ मंदावते. शिवाय एलईडीची उष्णता पानांवर फारशी पडत नाही. माती दिवसेंदिवस ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. पान मात्र सुकल्यासारखे दिसते आणि घरचे माणूस आणखी पाणी घालते. अशा हवेत 'रोज पानांवर फवारा मारा' हा सल्ला करप्याला आमंत्रण आहे. पंख्याची हलकी झुळूक जास्त उपयोगी. नागपुरात मे महिन्यात दुपारी आर्द्रता 20 टक्क्यांखाली जाते तेव्हा प्रश्न उलटा असतो, पण तिथेही फवाऱ्याचा परिणाम काही मिनिटांत संपतो. कुंड्या एकत्र दाटीने ठेवणे किंवा कूलरच्या खोलीत हलवणे बरे.

खताच्या पाकिटावरचे प्रमाण बहुधा उन्हातल्या झाडासाठी असते. कमी उजेडातले झाड ते उचलू शकत नाही. क्षार मातीत साचतात, कडेला पांढरी खपली धरते, पानांची टोके जळतात. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम 19:19:19, तेही तीन-चार आठवड्यांतून एकदा, आणि दोन महिन्यांनी एकदा नुसते पाणी भरपूर ओतून निचरा, एवढे दिव्याखालच्या झाडाला पुरते. निचऱ्याचे पाणी ताटलीत ठेवायचे नाही. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी घरात आले की कुंडीखालची ताटली आधी पाहतात, ते उगाच नाही.

राहता राहिला प्रश्न दिव्यांच्या खोक्यावरच्या मजकुराचा. घरगुती एलईडी बल्बवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे असतात, पण ते दर वॅटला किती लुमेन, म्हणजे माणसाच्या डोळ्याला किती उजेड, एवढेच सांगतात. झाडांच्या दिव्यावर मोठ्या अक्षरांत वॅट आणि 'फुल स्पेक्ट्रम' छापलेले असते, हिरव्यागार पानांचा फोटो असतो. एक फुटावर किती मायक्रोमोल, हे बहुतेक खोक्यांवर सापडत नाही. औषधाच्या बाटलीवर मात्रा छापायची सक्ती असते, मग इथे एवढा एक आकडा छापायला विक्रेत्यांना भाग का पाडू नये? तोवर दुकानात विचारून पाहावे. उत्तर आले नाही, तर त्याच पैशांत साध्या पांढऱ्या पट्ट्या येतात.