पुंगळ्यांवर रोलर, चिमट्यांकडे दुर्लक्ष

रोलरखाली चिरडलेल्या, कर्कश आवाजाच्या सायलेन्सर-पुंगळ्यांचा फोटो परवा पुन्हा छापून आला. कारवाई योग्यच आहे. दवाखान्यासमोरून फटाके वाजवत जाणाऱ्याची गाडी जप्तच झाली पाहिजे. पण पुंगळीने कान फुटतात, जीव जातो तो मागचे चाक धरणारा चिमटा तुटल्यावर. त्याच गाड्यांची मागची चाके आणि चिमटे कोणी वाकून पाहिले का?

मी उद्यमनगरात फॅब्रिकेशनच्या कामात आहे, म्हणून हे डोळ्यांसमोर घडताना दिसते. हल्लीच्या बुलेटला मागे 120 चा टायर येतो, पोरांना तिथे 180 चा हवा असतो. तो मूळ चिमट्यात मावत नाही. मग चिमटा कापायचा, मध्ये पाइपचा तुकडा घालून तो रुंद करायचा, वरून ग्राइंडर फिरवायचा आणि काळा रंग मारायचा. आत वेल्डिंग किती उतरले हे त्या रंगाखाली कोणालाच दिसत नाही. चेन टायरला घासते म्हणून स्पेसर टाकून चाक एका अंगाला सरकवतात. अशा गाडीच्या दोन्ही चाकांना दोरी लावून बघा, ती एका रेषेत येत नाहीत. शहरात हे जाणवतही नाही. करूळ घाटाच्या उतारावर, मागे बायको-पोर बसलेले असताना ब्रेक दाबला की गाडी ओढायला लागते. मागचे सगळे वजन, चेनची ओढ आणि खड्ड्याचा दणका त्या चिमट्यावर आणि त्याच्या बुशांवर येतो. तिथला जोड सुटला तर हेल्मेट काय करणार?

अलॉय चाकांचीही तीच गत. कसलाही मार्क नसलेले चाक फक्त डिझाइन बघून घेतले जाते. रिमवर आयएसआय मार्क हवा म्हणून केंद्राने 2020 साली आदेश काढला, तो गिऱ्हाइकाला माहीत नाही आणि विकणारा सांगत नाही. हे कोल्हापुरात घडावे याची मला लाज वाटते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून बाहेर जाणाऱ्या कास्टिंगमध्ये हवेच्या पोकळीचा एक ब्लो होल सापडला तर लॉट परत येतो. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांच्या गावात मोजमाप न करता बनवलेल्या चाकावर आपलीच पोरे बसतात!

कायदा नाही म्हणावे तर तसेही नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत कलम 182-अ आले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सुरक्षेसाठी अत्यावश्यक म्हणून ठरवलेला सुटा भाग निकषांत न बसणारा विकला, तर विक्रेत्याला प्रत्येक भागामागे एक लाख रुपये. एक लाख! हे कलम लावलेला एकही दुकानदार माझ्या ऐकिवात नाही. दरवेळी रस्त्यावरचे पोरगे सापडते, चिमटा कापून देणारा आणि बिनमार्काची चाके विकणारा दुकानात निवांत बसतो. एक लाखाची एक पावती फाटू द्या, आठवड्यात बाजार सुधारेल.

सरसकट बंदी घाला असे मी म्हणत नाही. सीएनजी किट तपासून मंजूर होते, पेट्रोलची गाडी विजेवर करायचे किटही मंजूर होते. मग रुंद चिमटा आणि रुंद चाक यांचे तपासलेले किट का असू नये? पुण्यात वाहने तपासणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून आहे, इथे कुशल कारागीर आहेत. मूळ बनावटीशी विसंगत बदल नोंदवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितले. त्यामुळे चांगले काम करू पाहणारा घाबरून मागे हटतो आणि चोरून करणाऱ्याचा धंदा चालतो. इथल्या उद्योजक संघटनांनी सरकारकडे याचा पाठपुरावा करावा.

आणि पोरे चाके का बदलतात, हेही जरा बघा. पावसाळा संपला तरी खड्डे तसेच. साधी रिम दोन महिन्यांत वाकते, स्पोक ढिले होतात. तार आवळून घ्यायला येणाऱ्यांत निम्मे नोकरदार आहेत, त्यांना कसली हौस नाही. डांबर टाकून पंधरा दिवसांत खडी वर आली तर त्या ठेकेदाराचे बिल अडवायला कोणते कलम लागते? एकाच रस्त्याचा तोच खड्डा दरवर्षी बुजवायचे पैसे आम्ही घरफाळ्यातून भरतो. त्या कामाची तारीख, ठेकेदाराचे नाव आणि रक्कम असलेला फलक रस्त्यावर लावायला काय हरकत आहे?

— एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर