टी-शर्ट आणि चिठ्ठी

१० डिसेंबर २००७. कुत्र्यांच्या झुंजी लावल्याबद्दल मायकल विकला २३ महिन्यांची कैद झाली आणि त्याच रात्री त्याचा अमेरिकन फुटबॉल संघ अटलांटा फाल्कन्स घरच्या मैदानावर उतरला. ज्याच्याशी १३ कोटी डॉलरचा करार केला, तोच क्वार्टरबॅक गजाआड! त्याचा सहकारी रॉडी व्हाइटने टचडाउन केलं, जर्सी वर झाली. आतल्या टी-शर्टवर ‘माइक विकला सोडा’. मैत्री समजते हो, पण त्या मारलेल्या कुत्र्यांचं काय? फाल्कन्स सामना ३४-१४ असा हरले. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक बॉबी पेट्रिनोंनीही मोसम अर्धवट टाकून काढता पाय घेतला. खेळाडूंना निरोप काय, तर लॉकरमध्ये चार ओळींची चिठ्ठी. मोसमाअखेर विजय चार, पराभव बारा.